नवीन मुख्याध्यापकाला चार्ज मिळतो, सोबतीला माणूस मिळत नाही

शाळा मागे पडली की पहिलं बोट मुख्याध्यापकाकडे जातं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचं पण नाहीये. पण त्या माणसाला आपण खुर्चीत बसवलं कसं, बसवल्यावर पहिल्या वर्षात कोणी त्याच्याकडे फिरकलं का, आणि फिरकलंच असेल तर मदतीला आलं का हिशोब मागायला आलं, हे विचारायची पद्धतच नाही आपल्याकडे. नाशिकमधे सध्या शाळांवर बोलायला वेळ कोणाला आहे म्हणा, २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आलाय, अर्धं शहर खोदलेलं आणि उरलेलं अर्धं ट्रॅफिकमधे. तरी मांडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या शाळा गाळात आहेत, पट घसरतोय, चौथीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, गावातली जरा बरी ऐपत असलेली मंडळी मुलांना पिवळ्या बसमधे घालून इंग्रजी मिडीयमला पाठवतायत, अशा शाळेत जो कोणी नवीन मुख्याध्यापक येईल त्याला पहिली दोन वर्षं एक अनुभवी माणूस सोबत द्या. ट्रेनिंग नाही, माणूस. जो महिन्यातून दोनदा शाळेत येऊन बसेल, वर्ग बघेल, आणि जो त्याचा साहेब नसेल. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्या शिक्षण खात्याला सगळ्यात अवघड जाणारी.

आधी माणूस मुख्याध्यापक होतो कसा ते बघा. जिल्हा परिषदेत सेवाज्येष्ठता यादीत नंबर लागला की. वीस-पंचवीस वर्षं वर्गात घालवलेला, बऱ्यापैकी शिकवणारा माणूस, एक दिवस ऑर्डर येते आणि तो मुख्याध्यापक. कित्येक जण तर पदोन्नती नाकारतात, कारण वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी घेऊन पगार आधीच तिथपर्यंत पोचलेला असतो, मग चार हजार भानगडी डोक्यावर घ्यायच्या कशाला. खाजगी अनुदानित हायस्कुलांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे, तिच्यात मुख्याध्यापकाला ट्रेंड पदवीधर आणि पाच वर्षांचा अनुभव हवा असं आहे, बाकी पुन्हा ज्येष्ठता, आणि मग संस्थेतलं राजकारण, त्याच्यात मी शिरत नाही, अनुदानित शाळेत नोकरी करतो, मला अजून रिटायर व्हायचंय. गंमत अशी की बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळवायला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, चोवीस वर्षांनी निवड श्रेणीला परत लागतं, पण अख्खी शाळा ताब्यात घ्यायला कसलंच ट्रेनिंग लागत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, गंगापूर धरणाच्या बाजूला, तिथे शालेय व्यवस्थापनाची पदविका आहे, बऱ्याच शिक्षकांनी केलेली पण आहे. विचारा त्यांना की मुख्याध्यापक झाल्यावर त्यातलं काय कामाला आलं.

आणि मग चार्ज. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुने सर बदली होऊन निघालेले असतात, टेबलावर फुलस्केपवर चार्ज यादी, जनरल रजिस्टर, कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पासबुकं, डेडस्टॉक म्हणजे सामानाची नोंदवही, पोषण आहाराची साठा वही, चाव्यांचा जुडगा. डेडस्टॉकला पंखे पाच, छताला तीन. तांदूळ वहीत दोनशे दहा किलो, पोत्यात किती ते मोजायला काटा चालू नाही. एका कपाटाची चावी जुडग्यात नाहीच, आणि त्यात काय आहे हे जुन्या सरांना पण माहिती नाही कारण त्यांना पण ते तसंच मिळालेलं. नवीन माणूस सही करतो, दुसरं काय करणार. पुढच्या आठवड्यात यू-डायसचं, म्हणजे शाळेची सगळी माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचं लॉगिन उघडायला जातो तर ओटीपी जुन्या सरांच्या मोबाईलवर, ते आता नांदगाव तालुक्यात कुठेतरी वर्गावर, फोन सायलेंट. इकडे ग्रुपवर मेसेज, 'आज ४ वाजेपर्यंत माहिती न आल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल'. हा झाला जून. जुलैत आधार मॅचिंग, मग प्रत्येक पोराचा अपार आयडी, मग फोटो अपलोड, मधे कोणाचं तरी बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. पोरांना वाचता येतं का हे बघायला या माणसाने बसायचं कधी?

असा सोबतीचा माणूस म्हणजे बाहेरच्या भाषेत कोच. लीडरशिप कोचिंगवर बाहेरचं जे काही लिहिलेलं असतं त्यात व्हिजन, टीम बिल्डिंग, कल्चर असे मोठे मोठे शब्द असतात. वाईट नाहीत ते. पण आपल्याकडच्या नवीन मुख्याध्यापकाची पहिली अडचण त्या पातळीवरची नसतेच, कीर्द कशी लिहायची आणि गहाळ चावीचा पंचनामा करायचा का गप्प बसायचं ही असते, आणि जोपर्यंत ही भीती जात नाही तोपर्यंत तो ऑफिसातून उठून वर्गात जातच नाही. म्हणून सोबतीला येणाऱ्या माणसाने पहिले दोन-तीन महिने हेच करायचं, कागद सुटसुटीत करून द्यायचे, कोणतं रजिस्टर रोज लागतं आणि कोणतं फक्त तपासणीच्या दिवशी लागतं हे सांगायचं. काही शहाणे म्हणतात हे कारकुनी काम आहे, कोचने कशाला करावं. अहो, तेवढं केलं की तो माणूस मोकळा होतो! दिल्लीत आप सरकारने शाळांना इस्टेट मॅनेजर दिले होते, नळ, बाथरूम, साफसफाई बघायला, म्हणजे प्रिन्सिपलचा तेवढा वेळ वाचेल. त्यांच्या बाकीच्या दाव्यांवर भांडा हवं तर, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. आपल्या झेडपीच्या प्राथमिक शाळेला तर क्लार्क पण नाही, शिपाई पण नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला या सगळ्यात जास्त खटकते. आपण मुख्याध्यापक मुख्याध्यापक म्हणतोय, पण ज्या शाळांना सगळ्यात जास्त गरज आहे तिथे मुख्याध्यापक हे पदच नाहीये. आरटीई २००९, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असतील तर मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला १०० च्या वर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या आपल्या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यांवर दीडशे पोरं कुठून आणणार, तिथे दोन शिक्षकी शाळा, पट पंचवीस-तीस, आणि दोघांतला जो सिनियर तो प्रभारी. त्याने दोन वर्ग सांभाळायचे, वर मुख्याध्यापकाचं सगळं करायचं. मग वरून मुख्याध्यापकांसाठी म्हणून काही ट्रेनिंग निघालं की मोठ्या शाळांचे नियमित मुख्याध्यापक आधी जातात आणि पाड्यावरचा प्रभारी यादीत असलाच तर शेवटी, कारण तो गेला तर शाळेत एकच शिक्षक उरतो. म्हणजे जी काय मदत आहे ती गरजेच्या बरोबर उलट्या दिशेने वाहते. सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी २०२२ च्या डिसेंबरात आम्हाला गुजरातला जोडा म्हणून मागणी केली तेव्हा सगळे दचकले, टीव्हीवाले घाट चढून गेले. रस्ते, दवाखाने, पाणी याच्यावर खूप बोललं गेलं. शाळेत प्रभारी एकटा काय करतो याच्यावर एक मिनिट पण नाही.

ट्रेनिंग होत नाही असं मी म्हणतच नाही, उलट महापूर आहे. दिल्लीत नीपा या केंद्राच्या शिक्षण नियोजन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र २०१२ पासून आहे. आपल्याकडे संभाजीनगरला मिपा ही राज्याची तशीच संस्था आहे, तिथे मुख्याध्यापकांचे कोर्स होतात. २०१९ ला निष्ठा हा केंद्राचा प्रशिक्षण कार्यक्रम आला, त्यात शिक्षकांबरोबर मुख्याध्यापक पण धरलेले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण शिक्षकांना सांगितलंय आणि मुख्याध्यापकांना पण. पन्नास तास म्हणजे कमी नाही हो. पण ते भरतात कसे ते कोणालाही विचारा, मोबाईलवर व्हिडिओ चालू करून बाजूला उत्तरपत्रिका तपासायच्या, शेवटच्या क्विझची उत्तरं ग्रुपवर फिरतातच. हॉलमधे बोलावलं तर दोन दिवस चहा-नाश्ता, पीपीटी, जेवण, आणि साधनव्यक्ती जे सांगतो ते ऐकायला छान असतं, टाळ्या पण वाजतात. सोमवारी शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकासमोर प्रश्न असतो की सातवीच्या वर्गशिक्षक बाई वयाने मोठ्या आहेत, त्यांना तास घ्या म्हणून सांगायचं कसं. त्याची स्लाईड नसते.

या बाबतीत मध्य प्रदेशात एक अभ्यास झालाय तो आपल्या खात्यातल्या प्रत्येकाने वाचायला पाहिजे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला. तिथे शाळांचं मूल्यांकन करायचं, प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा बनवायचा, वरून पाठपुरावा करायचा असा कार्यक्रम होता, कागदावर एकदम शास्त्रशुद्ध. चिठ्ठ्या टाकून काही शाळांत तो राबवला, काहींत नाही, आणि मग दोन्हीकडची मुलं तपासली. मूल्यांकन झालं होतं, आराखडे झाले होते, फायली तयार होत्या, आणि मुलांच्या शिकण्यात काडीचा फरक नव्हता. शिक्षकांच्या हजेरीत पण नव्हता. तरी साधारण तोच साचा पुढे देशभर सहा लाखांवर शाळांत गेला, आपण त्याला शाळासिद्धी म्हणून ओळखतो. शाळासिद्धीच्या फायली ज्यांनी रात्री जागून भरल्यात त्यांना या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही.

मग कोचिंगने होतं का? इथे मला प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला पाहिजेत, नाहीतर मी पण पीपीटीवालाच. मुख्याध्यापकाने फरक पडतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे, अमेरिकेत वॉलेस फाउंडेशनने २०२१ ला जुन्या सगळ्या अभ्यासांचा आढावा काढला त्यात असं निघालं की प्राथमिक शाळेत सुमार मुख्याध्यापकाच्या जागी चांगला आला तर मुलं वर्षाला गणितात जवळपास तीन महिन्यांचं जास्त शिकतात, वाचनात पण साधारण तेवढंच. पण चांगला मुख्याध्यापक असणं वेगळं आणि असलेल्याला चांगलं बनवणं वेगळं. अमेरिकन सरकारच्याच २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात १०० शाळा घेऊन त्यातल्या निम्म्या शाळांच्या मुख्याध्यापकांना दोन वर्षांत मिळून १८८ तास दिले, त्यात एकास एक कोचिंग पण होतं, आणि मुलांच्या मार्कांत काही फरक पडला नाही. ह्यूस्टनला मात्र रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने ५८ शाळांत प्रयोग केला, दोन वर्षांत ३०० तास, तिथे पहिल्या वर्षी मुलांचे मार्क वाढले, दुसऱ्या वर्षी परिणाम पातळ झाला, आणि फायदा जास्त कुठे दिसला तर जिथे तोच मुख्याध्यापक दोन्ही वर्षं टिकला तिथे.

हे शेवटचं वाक्य मला आपल्यासाठी सगळ्यात कामाचं वाटतं. तास किती दिले यापेक्षा माणूस टिकला का. आपल्याकडे अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क मिळतो, आणि तो मिळायलाच पाहिजे, पाड्यावर राहणं काय असतं ते नाशिक शहरात बसून आपण सांगू नये. पण मग हिशोब असा होतो की पहिलं वर्ष चार्ज समजण्यात, दुसरं वर्ष गाव समजण्यात, आणि तिसऱ्या वर्षी ऑनलाईन बदलीचा फॉर्म. म्हणून सोबतीचा माणूस पहिल्या महिन्यापासून पाहिजे, पहिलं वर्ष वाया गेल्यावर नको. आणि जो प्रभारी पाचव्या वर्षापर्यंत थांबायला तयार आहे त्याला काहीतरी द्या की, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घरभाडं द्या, निवड श्रेणी लवकर द्या, काहीतरी.

बरं, हे कोचिंग प्रत्यक्षात दिसतं कसं? माझ्या ओळखीचे एक रिटायर मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात, झेडपीतच आयुष्य गेलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक तरुण शिक्षक पेठ तालुक्यात प्रभारी झाला तेव्हा नाना आपणहून त्याच्याकडे जायला लागले, कोणाची ऑर्डर नाही, पैसा नाही, स्वतःच्या पेट्रोलने. एकदा मी पण गेलो बरोबर, सावळघाट उतरून पुढे. मला वाटलं नाना ऑफिसात बसून चार गोष्टी सांगतील. ते गेले थेट तिसरी-चौथीच्या खोलीत आणि मागे पोरांच्यात चटईवर बसले, गुडघे दुखतात तरी. एका पोराला म्हणाले वाच रे बाळा. त्याने धडा धडाधड म्हणून दाखवला. नानांनी हळूच त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं, पोरगं थांबलंच नाही, आधीचाच धडा म्हणत राहिलं. पाठ होता.

तास संपल्यावर वऱ्हांड्यात त्या प्रभारी सरांना त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही या वर्गात शेवटचं कधी बसलात?" सर गप्प. त्यांचा स्वतःचा पहिली-दुसरीचा वर्ग भिंतीपलीकडे, मधे एक दार, आणि तिसरी-चौथीच्या बाई त्यांच्यापेक्षा वयाने दहा वर्षांनी मोठ्या. सर म्हणाले, "नाना, बाईंना काय बोलणार? त्यांना वाटेल चार्ज आल्यापासून हवा गेली डोक्यात." मग नानांनी त्यांना अक्षरशः वाक्य तयार करून दिलं. सांगायचंच नाही तुमच्या वर्गाला वाचता येत नाही म्हणून. म्हणायचं, बाई, माझ्या दुसरीतल्या पाच जणांचं माझ्याच्याने होत नाहीये, शनिवारी अर्धा तास वर्ग बदलू, तुम्ही माझी पोरं बघा, मी तुमची बघतो. दोन वेळा म्हणायला लावलं ते वाक्य वऱ्हांड्यातच, मला हसू येत होतं, पण सर मन लावून म्हणत होते.

आणि मग नानांनी हजेरी मागितली. दिवाळीनंतर कोण कोण जातं विचारलं. त्या भागातली भात, नागली निघाली की निम्मी घरं दिंडोरी, निफाडला द्राक्षबागांच्या कामावर जातात, पोरं बरोबर. हजेरीत ती कधी लाल शाईत, कधी काळ्या. नानांनी विचारलं शिक्षण हमी पत्रक भरता का, म्हणजे पोरगं जिथे जाईल तिथल्या शाळेला ते दाखवून बसता येतं. सर म्हणाले भरतो, फाईलला आहे. "फाईलला ठेवून काय उपयोग, पोराच्या हातात द्या, आणि बागायतदाराचं गाव विचारून तिथल्या हेडसरांना फोन करा, नंबर मी देतो." हा नंबर कुठल्या मॉड्यूलमधे मिळणार सांगा मला. तीस वर्षं जिल्ह्यात फिरलेल्या माणसाच्या डायरीतच तो असतो.

नानांना मी डोक्यावर घेतोय असं समजू नका. ते बोलतात फार. आमच्या वेळी असं नव्हतं हे दर दहा मिनिटांनी. मोबाईलवरच्या हजेरीचं त्यांना काही कळत नाही, आणि पोरांची घरची बोली कोकणी आहे, म्हणजे कोकणा आदिवासींची, गोव्याकडची नाही, पहिलीला त्या बोलीतून सुरुवात केली तर पोरं पटकन मोकळी होतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात पुस्तक मराठीत आहे ना मग मराठीच बोला. तिथे तो तरुण सर जास्त बरोबर आहे असं माझं मत आहे, आणि चांगली गोष्ट म्हणजे तो नानांना तसं तोंडावर म्हणाला. साहेबाला म्हणाला असता का?

इथेच मुद्दा येतो केंद्रप्रमुखांचा. लोक लगेच म्हणतील, अहो यासाठीच तर केंद्रप्रमुख आहेत. बरोबर. राज्यात १९९४ पासून ही व्यवस्था आहे, ४८६० केंद्रं, प्रत्येक केंद्रात आसपासच्या शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करणारा माणूस असावा ही मूळ कल्पना अतिशय चांगली होती. पण वर्षानुवर्षं कितीतरी पदं रिकामी राहिली, एकेका माणसाकडे दोन-दोन तीन-तीन केंद्रांचा चार्ज, आणि जो आहे तो माहिती गोळा करण्यात संपला. त्यापलीकडे एक मूळची अडचण आहे. केंद्रप्रमुख भेट दिल्यावर शेरा लिहितो. शेरेबुकात लिहिलेलं वर जातं. मग नवीन मुख्याध्यापक त्याच्यासमोर कधी म्हणेल का की साहेब, मला जमत नाहीये, बाई ऐकत नाहीत, गावातले दोन पुढारी पोषण आहाराच्या ठेक्यावरून मागे लागलेत, हजेरी मी थोडी वाढवून लावलीये? कोणीच म्हणणार नाही, मी पण नाही म्हणणार. तो म्हणेल, सगळं व्यवस्थित आहे साहेब, चहा घ्या. आणि जोपर्यंत हजेरी वाढवून लावलीये हे कोणाला तरी सांगता येत नाही तोपर्यंत ती खरी लावायची सुरुवात होत नाही.

याच्यावर अधिकारी लोकांचं म्हणणं असतं की मग गैरप्रकार झाकले जातील, कोचला कळलं आणि त्याने सांगितलं नाही तर? आक्षेपात दम आहे. माझ्या मते सीमा आखता येते, मुलांच्या सुरक्षेचं काही असेल किंवा पैसे खाल्ले असतील तर कोचने गप्प बसायचं नाही, हे पहिल्या दिवशीच मुख्याध्यापकाला सांगून टाकायचं. बाकी जे काही चुकतंमाकतं ते दोघांत राहील. तपासणी बंद करा असं कोणी म्हणत नाहीये, विस्तार अधिकारी आहेत, गटशिक्षणाधिकारी आहेत, त्यांनी ती खुशाल करावी. फक्त तोच माणूस दोन्ही कामाला नको. लंडनमधे २००३ ला मागे पडलेल्या सरकारी शाळांसाठी लंडन चॅलेंज नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात चांगल्या चाललेल्या शाळांचे मुख्याध्यापक अडचणीतल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना मदत करायला जायचे, आणि शाळांना ग्रेड देणारं ऑफस्टेड हे खातं वेगळंच होतं, ते आपलं काम करत होतं. पैसा त्यांच्याकडे होता, आपल्याकडे नाही, मान्य. पण ही विभागणी करायला पैसा लागत नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप. शिक्षक संघटनांचे लोक म्हणतात, आधी पदं भरा, मग कोचिंगच्या गप्पा मारा. दोन शिक्षकांच्या शाळेत एक रजेवर गेला की दुसऱ्याला चार वर्ग, तिथे कुठली लीडरशिप अन् काय. यावर माझ्याकडे उत्तर नाही कारण ते बरोबरच बोलतात. कोचिंग हे रिकाम्या पदांवर पांघरूण म्हणून आणलं तर मी पहिला विरोध करेन, आणि शासनाचा स्वभाव बघता ते तसं आणलं जायची शक्यता चांगलीच आहे. पण पदं भरली जाईपर्यंत जो माणूस आत्ता तिथे उभा आहे त्याला एकट्याला सोडायचं, हे काही संघटनेला पण अभिप्रेत नसावं. आणि नाशिक महापालिकेच्या शाळा बघा, सातपूर, अंबडकडच्या कामगार वस्त्यांतल्या, तिथे स्मार्ट बोर्ड लागले, खोल्या रंगवल्या, पट पण आहे. तिथल्या मुख्याध्यापकासमोर प्रश्न आहे की बिहार-यूपीतून आलेलं पोरगं वर्षाच्या मधेच मराठी माध्यमात येऊन बसलंय, कंपनीतलं काँट्रॅक्ट संपलं की निघून जाणार. तिथे नुसतं पद भरून काय होणार आहे.

पैशाचं म्हणाल तर उदाहरण शासनानेच घालून दिलंय. जुलै २०२३ मधे निर्णय झाला की झेडपीच्या रिकाम्या जागांवर रिटायर शिक्षकांना महिना वीस हजार मानधनावर तात्पुरतं घ्यायचं, सत्तर वर्षं वयापर्यंत. त्याच्यावर टीका झाली, मी पण केली, डीएड-बीएड झालेली पोरं घरी बसलेली असताना रिटायर माणसांना परत बोलवायचं म्हणजे काय. पण वर्गावर उभं करण्याऐवजी त्यांच्यातल्या निवडक लोकांना सोबतीच्या कामाला घेतलं असतं तर? शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होतो, हातपाय धड असतात, अनुभव असतो, आणि कोणाची नोकरी पण जात नाही त्यात. एका माणसाकडे आठ शाळा दिल्या, महिन्याला प्रत्येक शाळेत दोन भेटी, म्हणजे सोळा दिवस. पेठ आणि सुरगाण्यातल्या नवीन प्रभारींपासून सुरुवात करायची. रिटायर झालेला कोणीही चालेल असं मात्र नाही, ज्याची स्वतःची शाळा चांगली चालली होती हे गावकरी सांगतील तोच, आणि निवड करताना नवीन मुख्याध्यापकाला पण विचारायचं की तुला हा माणूस चालेल का. ज्येष्ठता यादीने निवडले तर संपलं. त्यांच्याकडून रिपोर्ट एकच घ्यायचा, किती भेटी झाल्या. मुलं वाचायला लागली का ते वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कोणीतरी तपासायचं, आणि सोबत न मिळालेल्या तेवढ्याच शाळा पण तपासायच्या, मध्य प्रदेशासारखं, म्हणजे फरक पडला नाही तर दोन वर्षांत बंद करता येईल, सहा लाख शाळांत पोचायची वाट बघायला नको.

हे सगळं मी एका ओळखीच्या अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कल्पना चांगली आहे म्हणाले, मग एक कोरा कागद ओढून त्यावर भेटीचा नमुना आखायला घेतला, तारीख, वेळ, जिओटॅग फोटो, मार्गदर्शनाचे मुद्दे, मुख्याध्यापकाची सही, केंद्रप्रमुखाची सही. सातवा रकाना शेऱ्याचा होता.